नैरोबी ते आमचं बेडं

शुक्रवारी सकाळी दहा वाजता आमच्या अंगणात पोफळीचे सोळा खांब होते. अकरा उभे, पाच आडवे. शाकारणीसाठी विणलेल्या माडाच्या झापांच्या तीन चळती होत्या. त्या मी मोजल्या नाहीत, पण एका चळतीत चाळीसेक झाप धरायला हरकत नव्हती. भाड्यानं आणलेली दोन मोठी पातेली, एक काहील, सुंभाची चार वेटोळी. माणसं नऊ. त्यांतली चार खांब उभे करत होती आणि पाच त्यांना ते कसे उभे करायचे हे सांगत होती.

सव्वादहाला तारवाला सायकलवरून आला. सांगणाऱ्या पाचांपैकी एक म्हणजे माझे वडील. ते पुढे झाले. माझ्या थोरल्या बहिणीचं, विमलताईचं, लग्न सोमवारी होतं आणि शुभेच्छांच्या तारा बुधवारपासूनच येत होत्या. आधी आलेल्या पाचही तारा बाबांनी मांडवाच्या मधोमध उभं राहून मोठ्यानं वाचल्या होत्या, प्रथम इंग्रजीत, मग मराठीत. ही सहावीही त्यांनी तशीच वाचायला घेतली. शुभेच्छांचा मजकूर ठरलेला असतो, त्यामुळे वाचताना ते अर्थाकडे लक्ष देत नसत. इंग्रजी वाचून संपेपर्यंत त्यांच्या आवाजात काही फरक पडला नाही. मराठी करताना मात्र ते पहिल्या शब्दाला थांबले.

सखाराम सोमवारी वारला. वामन अस्थी घेऊन रविवारी पोचतो.

सांगणाऱ्या पाचांपैकी दुसरे आप्पा. ते बाबांचे थोरले चुलतभाऊ. त्यांचं घर आमच्या घराला लागून, मधे चिऱ्याचा गडगा आणि दोन्ही घरांना मिळून रस्त्यावर एकच बांबूचं बेडं, म्हणजे फाटक. सखारामकाका आप्पांचे धाकटे सख्खे भाऊ. पस्तीस वर्षं नैरोबीला होते, तिथल्या रेल्वेत हिशेबनीस. वामन त्यांचा मुलगा. तार आप्पांच्या नावची होती, पण आडनाव एकच आणि तारवाल्याला समोर मांडव दिसला, म्हणून त्यानं ती मांडवात दिली.

आप्पा तिथेच एका आडव्या खांबावर बसले. खांब उभे करणाऱ्या चौघांनी हातातलं काम खाली ठेवलं.

आईनं दुपारी एकदा बोलून बघितलं, की आजच देवक बसवून घेतलं आणि तार उद्या आली असं धरलं तर काय होईल. पण नऊ माणसांनी ऐकलेलं होतं, शिवाय गडग्यापलीकडून आप्पांच्या बायकोनं, गंगूकाकूनं. आईनं विषय सोडून दिला.

अडचण अशी होती. भाऊकीतलं माणूस गेलं की दहा दिवस सुतक. मृत्यूचा सोमवार पहिला धरला, तर दहावा दिवस पुढचा बुधवार. लग्न आठव्या दिवशी येत होतं, आणि सुतकात लग्न लागत नाही. नवरामुलगा लवू हेदवीकडचा, मालवाहू बोटीवर फिटर. बुधवारच्या रात्रीच्या एस.टी.नं तो मुंबईला जाणार होता आणि शुक्रवारी बोटीवर चढणार होता, दहा महिन्यांसाठी. मागच्या वर्षीही असंच झालं होतं: साखरपुडा झाला, तारीख ठरली आणि तारखेच्या आधी बोट आली. त्या वेळी लवूचे मामा आमच्या पडवीत चहाचा कप खाली ठेवत म्हणाले होते, "पुढच्या खेपेला पोरगा लग्न करूनच बोटीवर चढेल. कोणाशी, ते तुम्ही ठरवा."

ताई तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती आणि जिल्हा परिषदेत टायपिस्ट होती. लवूला तिनं दोन वर्षांत चार वेळा बघितलं होतं. चारही वेळचा तपशील ती विचारल्याशिवाय सांगायची.

संध्याकाळी साडेपाचला पडवीत बैठक बसली. गुरुजी झोपाळ्यावर, आप्पा खुर्चीवर, बाबा पायरीवर. मी माजघराच्या दारात, कारण आत ताई होती आणि तिला सगळं ऐकायचं होतं पण समोर यायचं नव्हतं.

"देवक बसलं असतं तर नंतर कळलेलं सुतक लागलं नसतं, प्रश्नच नव्हता," गुरुजी म्हणाले. "आता एक वाट उरते. एका मताप्रमाणे, मृत्यू देशांतरात झाला असेल तर भाऊकीला नुसतं स्नान. अंगावर पाणी घेतलं की मोकळे."

"मग नैरोबी काय देशांतर नव्हे?" बाबा म्हणाले. "आफ्रिका खंडात आहे ती."

"खंडाचं काही सांगितलेलं नाही. योजनं सांगितलीत. साठ योजनांच्या पलीकडे ते देशांतर. आता इथून नैरोबी किती योजनं, हे कोणी मोजलंय?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मागच्या वर्षी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले होते, आणि त्याचा घरात काहीतरी उपयोग व्हावा असं बाबांना तेव्हापासून वाटत होतं.

मी शाळेचा नकाशासंग्रह आणि लॉगची कोष्टकं घेऊन आले. मी यायच्या आत बाबांनी भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर पांढरा दोरा ताणून धरला होता आणि गुरुजी त्याच्या लांबीचा अंदाज घेत होते. पृथ्वी गोल आहे हे पडवीत सगळ्यांना मान्य होतं, फक्त दोरा ताणताना कोणी ते ध्यानात घेत नव्हतं. मी दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश उतरवून घेतले आणि गोलावरच्या सर्वांत जवळच्या रेषेनं हिशेब केला. मुंबई ते नैरोबी चार हजार पाचशे तेहतीस किलोमीटर आलं. रत्नागिरी ते नैरोबी चार हजार चारशे शहाऐंशी.

"म्हणजे आपण मुंबईपेक्षा सत्तेचाळीस किलोमीटरनं जवळ आहोत," मी म्हणाले. मला ते गमतीचं वाटलं होतं.

"ऐकलंस ना, भिकाजी?" आप्पा बाबांना म्हणाले. "जवळच आहे."

"योजनं सांग गो," बाबा म्हणाले.

चार कोसांचं योजन आणि दोन मैलांचा कोस धरून तीनशे अठ्ठेचाळीस योजनं झाली. बाबांनी दोरा गुंडाळून खिशात ठेवला. "साठ पाहिजेत, साडेतीनशे आहेत. उरतात वर."

"योजनं चालणाऱ्याची," आप्पा म्हणाले. "माझा भाऊ चालत गेला होता काय? सहा तास पाच मिनिटं. मुंबईला न्याहारी केलीन तर जेवायला नैरोबीत. मला त्यानं विमान कंपनीचं वेळापत्रक आणून दिलंन आहे, हवं तर काढून दाखवतो. इथून नागपूरला जायला दोन रात्री लागतात. नागपुरात कोणी मेलं तर सुतक धरशील ना रे? मग सहा तासांवर माझा सख्खा भाऊ गेला, तो तुम्ही बादलीभर पाण्यात उरकणार?"

आप्पांचे डोळे लाल होते. दुपारपासून त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

"आप्पा, तुमचं दुःख मला कळतं," बाबा म्हणाले. "पण तीन वर्षांमागं शिमग्याला पालखी आपल्या घरी यायची पाळी होती, तेव्हा घराण्यातला प्रत्येक माणूस हजर पाहिजे म्हटल्यावर काय बोललात तुम्ही? समुद्रापलीकडचा माणूस, त्याला कसा बोलावणार, एवढ्या लांबून कसा येईल. हेच शब्द."

"आणि तू काय म्हणालास? सहा तासांवर तर आहे, न यायला काय झालं. हेच शब्द."

दोघांचंही खरं होतं. त्या बैठकीला गुरुजीही होते. त्यांनी आता झोपाळा पायानं थांबवला. दोन्ही घरांतली सगळी कार्यं त्यांच्याकडेच असत, त्यामुळे कोणाचंच मन मोडायचं त्यांच्या मनात नव्हतं.

"देशांतराचा मूळ हेतू बघावा लागेल," ते म्हणाले. "माणूस वेळेवर पोचू शकत नाही इतकं लांब, म्हणून ती सवलत. योजनं आणि वाहन यांचा असा झगडा असेल तर मी म्हणेन, तिथून निघालेला माणूस एका अहोरात्रात इथं पोचत असेल, तर त्याला देशांतर म्हणवत नाही. न पोचला तर देशांतर. पण पोचतो की नाही, हे कोण सांगणार?"

"वामनदादा येतोच आहे," मी म्हणाले. "मोजता येईल."

आतून ताईनं माझी वेणी ओढली. पण बोलून झालं होतं, आणि कल्पना दोन्ही बाजूंना पसंत पडली. आप्पांनी बोटांवर हिशेब केला: विमानाचे सहा, एस.टी.चे दहा, वर दोन-तीन इकडचे तिकडचे; चोवीसात आरामात बसतं. बाबांनी काही हिशेब केला नाही. त्यांचा मे महिन्यातल्या मुंबई-रत्नागिरी रस्त्यावर विश्वास होता. मुंबईहून येणारी प्रवासी बोट त्या हंगामापुरती बंद झाली होती. गाड्या चाकरमान्यांनी भरून येत होत्या आणि उलट्या दिशेनं आंब्याचे ट्रक घाट अडवून धरत होते.

अटी ठरल्या. नैरोबीहून मुंबईला येणारी विमानं मंगळवारी, शुक्रवारी आणि शनिवारी, सगळी तिथल्या सकाळी साडेनऊला सुटणारी. वेळापत्रकात तसं छापलेलं होतं. वामन रविवारी पोचणार, म्हणजे शनिवारच्या विमानानं निघणार. विमान सुटल्यापासून मोजायचं, कारण तेवढीच वेळ आम्हांला नक्की माहीत होती. वामनचं पाऊल बेड्याच्या आत पडलं की थांबायचं. स्टँडवर त्याला आणायला कोणी जायचं नाही आणि त्याला यातलं काही कळवायचं नाही.

"म्हणजे रविवारी साडेनऊपर्यंत," बाबा म्हणाले.

"बारापर्यंत," मी म्हणाले. "तिथं साडेनऊ वाजतात तेव्हा इथं बारा वाजलेले असतात."

"साडेनऊ ते साडेनऊ चोवीस तास होतात, सावित्री."

"एकाच गावच्या घड्याळात होतात."

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, की माझ्या शिक्षणाचा उपयोग त्यांना नको तितका झाला असावा. आप्पांनी दोनदा समजावून घेतलं, कारण अडीच तास मी कुठून काढते आहे याचा त्यांनाही संशय होता. पण ते त्यांच्याकडेच जमा होताहेत हे कळल्यावर त्यांनी मान डोलावली.

रात्री जेवताना ताई माझ्याशी बोलली नाही. शनिवारी दुपारी आम्ही दोघी मागच्या पडवीत हळकुंडं निवडत बसलो होतो, तेव्हा बोलली.

"अडीच तास देऊन टाकलेस."

"ते त्यांचेच होते."

"लवूचे मामा परत चहा प्यायला यायचे नाहीत. कळतंय का तुला? ते आता दुसरीकडे चहा पितील." तिनं एक किडकं हळकुंड बाजूला टाकलं. "आणि मी काय प्रार्थना करू, तेही सांग. बाप जाऊन पाच दिवस झालेला माणूस अस्थी घेऊन येतोय, त्याची गाडी घाटात अडकू दे म्हणू?"

"म्हणू नकोस. त्यानं काही फरक पडत नाही."

"तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "घाट म्हणजे कशेडी ना? तिथं साधारण किती वेळ अडकतात गाड्या?"

मी म्हटलं, दोन ते पाच तास. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं आणि पुढचं हळकुंड उचललं.

रविवारी सकाळी रात्रीच्या गाड्या स्टँडवर लागायच्या वेळेपासून आप्पा बेड्याजवळ खुर्ची टाकून बसले होते. मनगटावर घड्याळ होतं आणि मांडीवर दुसरं, गजराचं. गुरुजी आमच्या पडवीत. बाबा अंगणात येरझाऱ्या घालत होते. मिऱ्याकडे जाणारी प्रत्येक रिक्षा बेड्यापाशी येईपर्यंत तिच्या आवाजावर सगळ्यांचे कान असत, आणि ती पुढे गेली की आप्पा आणि बाबा एकाच वेळी उलट्या अर्थाचे सुस्कारे सोडत. साडेनऊ वाजले तेव्हा बाबांनी माझ्याकडे बघितलं. आप्पाच बोलले, "बाराला, भिकाजी. पोरगीनं सांगितलंन आहे."

दहा वाजून पन्नास मिनिटांनी रिक्षा थांबली आणि वामनदादा उतरला. पांढरा शर्ट चुरगळलेला, दाढी वाढलेली. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात छातीशी धरलेली कापडी पिशवी. त्यानं आत पाऊल टाकलं. पिशवी घेऊन घरात जायचं नसतं हे त्याला माहीत होतं. तो सरळ गडग्याजवळच्या उंडीच्या झाडाशी गेला, पिशवी एका फांदीला बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली आणि मग आप्पांच्या पाया पडला.

आप्पांनी त्याला धरलं. दोघं बराच वेळ तसेच उभे होते. गंगूकाकू पदर तोंडाला लावून आपल्या पायरीवर बसली होती. आमच्यातलं कोणी पुढं गेलं नाही.

मग वामनच्या खांद्यावरून आप्पांनी मनगट वर करून घड्याळ बघितलं.

"अकराला दहा कमी," ते म्हणाले. आवाज अजून ओला होता. "बावीस तास पन्नास मिनिटं. गुरुजी, बघून घ्या."

"साडेनऊ केव्हाच उलटले," बाबा म्हणाले, पण हळू.

गुरुजींनी मला विचारलं. मी म्हणाले, "बारा वाजायला एक तास दहा मिनिटं आहेत."

आत कपाट उघडल्याचा आवाज आला. ताईनं लग्नाची साडी घडी घालून काढून ठेवलेली होती, ती आता परत आत ठेवत असावी. बाबा पायरीवर बसले आणि त्यांनी चपला काढून ठेवल्या, बाहेर कुठं जायचं राहिलं नाही असं वाटल्यासारखं.

वामनदादाला यातलं काहीच कळलं नव्हतं. तो सगळ्यांकडे बघत होता. कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि मला एक आकडा हवाच होता. वेळापत्रकातला सहा तास पाच मिनिटं हा छापलेला आकडा होता. प्रत्यक्षातला कोणी मोजला नव्हता.

"दादा, विमान वेळेवर सुटलं होतं का?"

"अगदी वेळेवर. साडेनऊला."

"आणि काल मुंबईला किती वाजता उतरलं?"

"काल?" तो म्हणाला. "काल मी दिवसभर मुंबई सेंट्रलला होतो. विमान परवा उतरलं. शुक्रवारी, सहा वाजून पाच मिनिटांनी."

आप्पांनी त्याचा दंड सोडला. "शुक्रवारी? अरे, तारेत रविवार आहे."

"रविवारीच पोचलो ना, आप्पाकाका. मीच आईला सांगितलं, रविवार लिही. मागच्या खेपेला मेमध्ये आलो होतो तेव्हाही एक अख्खा दिवस स्टँडवरच गेला होता. तेवढा धरूनच चाललो होतो."

शुक्रवारी आम्ही पडवीत बसून तो उद्या निघेल असं ठरवत होतो, तेव्हा तो मुंबईच्या वाटेवर आकाशात होता, आणि बैठक उठली तोवर उतरला असावा.

"टॅक्सी का नाही केलीस?" आप्पांनी विचारलं.

"केली होती. पिशवीत काय आहे म्हणून विचारलंन, मी सांगितलं, मग तो नाही म्हणाला. दुसराही नाही म्हणाला."

"मग रात्री परळला आत्याकडे जायचंस."

"अस्थी घेऊन कोणाच्या घरी जाऊ?" वामनदादा म्हणाला. "खाली ठेवता येत नाही. त्यात पुन्हा एस.टी.च्या रांगेतला नंबर गेला असता."

"रांगेत तरी सांगायचंस. लोकांनी पुढं सोडलं असतं."

"असतं बहुतेक," तो म्हणाला. "पण बाबांना रांग मोडलेली आवडायची नाही."

मी आत जाऊन कागद आणला आणि त्याला एकेक वेळ विचारून घेतली. घरून तो शुक्रवारी तिथल्या सकाळी साडेसहाला निघाला होता. माणूस घरून निघतो, धावपट्टीवरून नाही, असं गुरुजी म्हणाले, आणि ते आप्पांनाही नाकारता आलं नाही. बेड्यापर्यंत एकोणपन्नास तास पन्नास मिनिटं झाली. धावपट्टीपासून मोजलं असतं तरी शेहेचाळीस तास पन्नास मिनिटं. गुरुजींनी दोन्ही आकडे मला दोनदा वाचायला लावले.

"दोन अहोरात्रं उलटून गेली," ते म्हणाले. "देशांतर आहे. भाऊकीनं स्नान करावं."

"नैरोबी लांब नाही," आप्पा म्हणाले. "रत्नागिरी लांब आहे."

"असेल. दोहोंतलं कुठलं टोक लांब, त्याच्याशी शास्त्राला कर्तव्य नाही."

वामनदादा बाबांकडे वळला. त्याला एवढंच कळलं होतं, की त्याच्या वेळेवरून काहीतरी बिनसलं आहे. "काका, मला यायला उशीर झाला का?"

"नाही रे बाळा," बाबा म्हणाले. त्यांनी चपला पुन्हा पायांत घातल्या होत्या. "अगदी वेळेत आलास."

आमच्या बाजूच्या सगळ्यांनी विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. ताईनं सर्वांत आधी, आणि केस पुसायच्या आत तिनं शेजारच्या पोराला हाक मारून खांबवाल्या चौघांना बोलावणं पाठवलं. आप्पांनी मात्र सांगितलं, की सख्ख्या भावाचं सुतक ते पूर्ण दहा दिवस धरणार, शास्त्र काही म्हणो. वामन त्यांच्या घरी. त्यामुळे त्यांचं लग्नाला येणं शक्य नव्हतं, आणि त्यांना शिवून आम्हांला चालणार नव्हतं. बाबा गडग्याजवळ जाऊन हात जोडून उभे राहिले.

"माझ्याकडं मोठी काहील होती," आप्पा गडग्यापलीकडून म्हणाले. "ती भाड्याची तुला पुरायची नाही. पण आता माझ्या घरचं भांडं तुला चालायचं नाही. भात दोनदा लाव, नाही तर कच्चा राहील."

भात दोनदा लावला. सोमवारी सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटांच्या मुहूर्तावर लग्न लागलं. लवूच्या मामांनी चहा घेतला. मंगलाष्टकं चालू असताना आप्पा आपल्या पडवीत आमच्याकडे पाठ करून बसले होते. अक्षता पडल्या तेव्हा त्यांनी मान थोडी वळवली, आणि लगेच परत फिरवली.

बुधवारी दहाव्याचे विधी झाले. ताई आणि लवू हेदवीहून दुपारीच परत आले होते. रात्री त्याची गाडी होती आणि ताई त्याची बॅग पुन्हा पुन्हा भरत होती. चारच्या सुमाराला आप्पांनी मला गडग्यापाशी हाक मारली. आठवडाभरात ते एवढे वाळले होते, की घड्याळाचा पट्टा मनगटावर फिरत होता.

"सावे, ते तुझं मोजमाप आहे ना? टप्प्याटप्प्यानं सांग मला."

मी कागद आणला आणि गडग्याच्या अलीकडून वाचला. नैरोबीचं घर ते विमान सुटणं, तीन तास. विमान, चार हजार पाचशे तेहतीस किलोमीटर, सहा तास पाच मिनिटं. विमानतळ ते मुंबई सेंट्रल, दोन तास पस्तीस मिनिटं. एस.टी., साडेतीनशे किलोमीटर, अकरा तास दहा मिनिटं. रत्नागिरी स्टँड ते बेडं, पन्नास मिनिटं.

आप्पा डोळे मिटून बेरीज करत होते. "हे तर तेवीस तास चाळीस मिनिटं झाले."

"होय."

"एका अहोरात्रात बसतात."

"वीस मिनिटं उरतात."

"आणि बाकीचे?"

मी शेवटची ओळ वाचली. मुंबई सेंट्रल, तिकिटाची रांग: अंतर शून्य किलोमीटर, वेळ सव्वीस तास दहा मिनिटं.